हन्नाबाईची वरची खोली

"वर एका वेळी दहाच माणसं!" जिन्याच्या तोंडाशी उभी राहून मी पुन्हा ओरडले. "बाकीच्यांनी ओटीवर थांबा. पाहुणे खाली उतरले की मग तुम्ही जा."

ऐकतंय कोण! सगळं साखरबंदर त्या सकाळी हन्नाबाईच्या घरात लोटलं होतं. कोळीवाड्यातल्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या, आगरी आळीतली माणसं पोराबाळांसकट आली होती. कारणही तसंच होतं. ज्यांच्या सहीवर त्या घराचं सगळं अडलं होतं ते हन्नाबाईंचे चिरंजीव, एलोजी साखरकर, इस्रायलहून आले होते.

मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना हे घर दाखवत होते. हन्नाबाई म्हणजे आमच्याकडच्या बेने इस्रायल या ज्यू समाजातली नर्स. मुंबईला शिकून आलेली. आसपासच्या पाच-सहा गावांतली बाळंतपणं तिनंच केली. तिच्या समाजाची माणसं एकेक करून देश सोडून गेली, मुलगाही विशीत गेला. ही मात्र गेली नाही. शेवटपर्यंत इथंच राहिली. तिच्यामागं घर कित्येक वर्षं कुलूपबंद होतं. छप्पर बसायला आलं तेव्हा गावानंच ते हातात घेतलं. ना सरकारची मदत, ना कुणा बड्या माणसाची. कोळ्यांनी होडीतून लाकूड आणलं, आगऱ्यांनी चुना भिजवला, हसन मिस्त्रीनं सुतारकाम अंगावर घेतलं. एकेक भिंत, एकेक खिडकी जशी होती तशी उभी करायची, असं ठरलं होतं.

पण घर गावाच्या नावावर नव्हतं. मुंबईचा एक माणूस तिथं समुद्राकाठी हॉटेल बांधायला टपला होता आणि त्याचं एलोजींशी बोलणं सुरू होतं, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. म्हणून घर उभारणाऱ्या आमच्या समितीनं त्यांना कळवलं की आधी एकदा येऊन घर बघा, मग काय ते ठरवा.

ते आले. पंच्याहत्तरीच्या पुढचे, उंच, गुडघ्यानं अधू, हातात काठी. बरोबर मुलगी ओर्ली. तिला मराठी समजायचं, बोलताना अडखळायची. एलोजींचं मराठी मात्र अजून आमच्यासारखंच होतं. फक्त ते बोलतच नव्हते. मी खालची बाळंतिणीची खोली दाखवली, औषधाचं कपाट दाखवलं, चुलाणाची जागा दाखवली. ते नुसते मान हलवत होते. आपलं घर इतक्या वर्षांनी बघणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता. दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत बसलेल्या माणसाचा होता.

"बाई, साहेब खूश दिसत नाय," हिराजी माझ्या कानाशी लागून म्हणाला.

हिराजी नाखवा समितीचा अध्यक्ष. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण अंगानं अजून भक्कम. या घरासाठी सगळ्यात जास्त कुणी राबलं असेल तर तो. पावसाळ्यात समुद्र बंद असला की चार महिने तो इथंच असायचा.

"वर गेल्यावर ती गोष्ट सांगा," तो म्हणाला. "ती ऐकली की पाघळतील."

वरच्या खोलीचं काम अर्धंच झालं होतं. जमिनीच्या फळ्या तीन तुळयांवर बसवलेल्या. मधल्या तुळईचं उत्तरेकडचं टोक भिंतीत कुजलं होतं. ते बदलेपर्यंत हसननं खालून टेकू दिला होता आणि सगळ्यांना बजावलं होतं की वर दहाच्या वर माणूस चढवू नका. आम्ही आजवर ते कसोशीनं पाळलं होतं.

एलोजी काठी टेकत वर आले. समुद्राकडच्या खिडकीखाली त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली होती, तिथं जाऊन बसले. दाराकडून खिडकीशी जायचं तर मधली तुळई ओलांडावी लागे. ओर्ली वडिलांच्या शेजारी उभी राहिली, दुसऱ्या बाजूला हिराजी. मी दाराजवळ उभी राहिले. बसताना एलोजींनी खोलीच्या एका कोपऱ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

मी गोष्ट सुरू केली. शाळांच्या सहलींना नेहमी सांगायची ती.

"त्या रात्री तुफान उठलं होतं. कोळीवाड्याची वाट भरतीनं बुडाली होती. तिथं एक पहिलटकरीण अडली होती. बोलवायला माणसं आली तेव्हा हन्नाबाईंची स्वतःची मुलगी, पाच वर्षांची, तापानं फणफणली होती. तरी त्या माउलीनं पिशवी उचलली. गळाभर पाण्यातून कोळ्यांनी त्यांना खांद्यावर बसवून नेलं. पहाटे बाळ सुखरूप जन्माला आलं. आणि देवाची करणी अशी की हन्नाबाई घरी परतल्या तेव्हा मुलीचा तापही उतरला होता."

इथं हिराजीनं एक पाऊल पुढं यायचं, ही आमची ठरलेली रीत होती. तो आला. छातीला हात लावून म्हणाला, "तो पोर म्हणजे मीच, साहेब!"

जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांचा आवाज खाली गेला असावा, कारण जिन्यावरून धडाधड पावलं वाजायला लागली. मी मागं वळून बघते तर माणसं दारातून आत घुसताहेत.

"आणि माझी बहीण?" एलोजींनी विचारलं. त्या सकाळपासून ते पहिल्यांदाच बोलले.

"त्या... पुढं मुंबईला गेल्या ना? मावशीकडे, शिकायला?"

"असं कुणी सांगितलं?"

"हन्नाबाईंनीच. गावात सगळ्यांना ठाऊक आहे."

"खोटं सांगितलं तिनं." ते त्या कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले, "तिथं खाट होती. तिथं मेली सिपोरा. आई परत यायच्या आधी. मी आठ वर्षांचा होतो आणि तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत बसलो होतो. ती गार पडली तेव्हा मला वाटलं, ताप उतरला."

मागचे लोक, "काय म्हणाले? काय म्हणाले?" करत पुढं रेटायला लागले. हिराजीचा चेहरा मला दिसत होता. कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा.

आणि तेव्हाच पायाखाली आवाज झाला.

वाळलेला बांबू मोडावा तसा. फार मोठा नाही. पण फळ्या आमच्या तळव्यांखाली इंचभर खचल्या आणि भिंतीतून चुन्याची माती भुरभुरली.

"हलायचं नाही!" मी ओरडले.

तो आवाज माझा शाळेतला होता. खोलीतली निम्मी माणसं माझ्या हाताखालून शिकून गेलेली. तीस-चाळीस जणं होती तिथं उभी थिजली. खालून हसनची हाक आली, "टेकू सटकला! बाई, माणसं उतरवा! पळू देऊ नका कोणाला, पळाले तर सगळं बसेल!"

मी दारातून बाजूला झाले. "दाराजवळचे आधी. एकेक जण. पोरं कडेवर घ्या. बोलायचं नाही, ढकलायचं नाही. जिन्यावर थांबायचं नाही, सरळ अंगणात जायचं."

एक जण गेला. दुसरी गेली. एका पोरानं भोकाड पसरलं, त्याच्या आईनं त्याचं तोंड पदरात दाबलं. प्रत्येक पावलाला फळी करकरत होती आणि प्रत्येक करकरीला मी डोळे मिटत होते. दाराकडची बाजू मोकळी झाली. तुळईच्या पलीकडे आठ-दहा माणसं राहिली. त्यांना मी दक्षिणेच्या भिंतीला पाठ लावून, सरकत सरकत यायला सांगितलं, कारण तुळईचं तिकडचं टोक अजून धड होतं. तीही आली.

"अब्बा, चल," ओर्ली म्हणाली.

"तू हो पुढं. मला वेळ लागतो. मी मधे अडकलो तर तुम्ही दोघंही अडकाल."

"नाही!"

एलोजी तिला त्यांच्या भाषेत काहीतरी कडक बोलले. ती रडत भिंतीला चिकटून निघाली. तिनं दाराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि दुसरा आवाज झाला. या वेळी मोठा. मधल्या फळ्या वाडग्यासारख्या खाली वाकल्या, भिंतीलगतची वाटही कलली.

पलीकडे दोघंच राहिले. खुर्चीत एलोजी आणि त्यांच्याजवळ हिराजी.

"बाई!" हसन खालून ओरडला. "माझ्यानं खाली उभं राहवत नाय आता, वरून माती पडतेय. जिन्याशी दाराचं फळकूट काढून ठेवलंय ना, ते आडवं टाका फळ्यांवर. इकडचं टोक उंबऱ्यावर, तिकडचं खिडकीकडच्या तुळईवर. त्यावरून पालथे सरकत या म्हणावं. एकेकटे!"

जुनं सागवानी दार डागडुजीसाठी बिजागऱ्यांवरून काढून जिन्याच्या वरच्या पायरीशी टेकवून ठेवलेलं होतं. मी आणि ओर्लीनं ते आडवं केलं, उंबऱ्यावरून आत ढकललं. हिराजीनं तिकडून वाकून टोक धरलं आणि तुळईवर नीट बसवलं. तोवर हसन धापा टाकत वर आला आणि अलीकडच्या टोकावर आपला सगळा भार टाकून बसला.

"साहेब, पयले तुमी," हिराजी म्हणाला.

"तू जा."

"तुमी म्हातारे, पाय अधू. मी काय, उडी मारीन."

"हिराजी, वाद घालू नकोस. जा."

"मी नाय जानार!" हिराजीचा आवाज फाटला. "तुमची भईन माझ्यापायी गेली, न् मी आज तुमच्या पुढं जाऊ? सत्तर वर्सं मी लोकांसमोर छाती पुढं करून उभा ऱ्हायलो. मना कोनी सांगितलं का नाय? तुमच्या आईनं का नाय सांगितलं?"

फळ्या करकरत होत्या. मी म्हणाले, "हिराजीभाऊ, नंतर बोला, आधी या," पण त्यांना माझं ऐकूच येत नव्हतं.

"का सांगितलं नाही?" एलोजी म्हणाले. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते. "सकाळी ती भिजून घरी आली. सिपूला बघितलं. मग मला जवळ घेऊन म्हणाली, एलोजी, हे गावात कुणाला बोलायचं नाही. बोललास तर त्या पोराला जन्मभर पांढऱ्या पायाचा म्हणतील. त्याच्या आईला जगू देणार नाहीत. बैलगाडीत घालून सिपूला दोन गावं पलीकडे नेलं, आमच्या लोकांत, आणि गावाला सांगितलं, मुंबईला पाठवली. बाबा परगावी होते, आल्यावर त्यांनाही शपथ घातली. मी आजपर्यंत पाळली. आज मोडली."

हिराजी त्या कोपऱ्याकडे वळून बघायला लागला.

"आता जा," एलोजी म्हणाले. "आई तुझ्यासाठी गेली होती. तुला इथं काही झालं तर सिपू फुकटच गेली की."

हिराजी खाली वाकला. लहान मूल रांगतं तसा त्या दारावर पालथा झाला आणि सरकायला लागला. तो रडत होता. नाकडोळे पुसायला हात मोकळा नव्हता. दार मधे वाकलं, हसननं दात आवळून इकडचं टोक दाबून धरलं. मी हिराजीच्या दंडाला धरून ओढलं आणि तो उंबऱ्यावर आला. आला तसा वळला, पोटावर झोपला आणि दोन्ही हात पुढं केले.

"आता तुमी. माझ्याकडं बघा. खाली बघू नका."

एलोजींनी काठी टाकली. अधू गुडघा दारावर टेकताना ते कळवळले, पण आले. अर्ध्यावर आले. मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. हिराजीचा हात त्यांच्या मनगटाला पोचला, आणि त्याच वेळी मधली तुळई गेली.

तो आवाज मी शब्दांत सांगू शकत नाही. दाराचं पलीकडचं टोक घसरून खाली गेलं, त्याच्याबरोबर एलोजींचं निम्मं अंग. खुर्ची, फळ्या, खिडकीखालचा अर्धा मजला, सगळं खाली कोसळलं आणि धुळीनं काही दिसेना. मी हिराजीच्या कमरेला मिठी मारली. ओर्लीनं मला धरलं. हसननं कुठून तरी हात घालून एलोजींचा कोट पकडला. हिराजी ओरडत होता, "धरलाय! धरलाय! सोडनार नाय!" आयुष्यभर जाळं ओढलेले हात होते ते. त्या हातांनी त्यांना फरफटत उंबऱ्यावर आणलं.

धूळ खाली बसली तेव्हा आम्ही पाच जणं जिन्याच्या पायऱ्यांवर एकमेकांच्या अंगावर पडलो होतो. अंगणात बायका नावं घेऊन घेऊन हाका मारत होत्या. सगळी माणसं सुखरूप होती.

एलोजींच्या पायाला मोठी जखम झाली होती आणि खांदा निखळला होता. त्यांना अलिबागला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी समितीची माणसं माझ्या ओटीवर येऊन बसली. कुणी तोंडानं म्हणालं नाही, पण घर गेलं हे प्रत्येकानं मनाशी धरलं होतं. ज्या घरात बहीण मेली आणि जे आज त्यांचाही जीव घेत होतं, ते घर कोण कशाला ठेवील?

हिराजी तेवढा आला नव्हता.

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, हातात झेंडूचा हार. "बाई, माझ्याबरोबर अलिबागला चला. मना एकट्याला तोंड दाखवायला जमनार नाय."

एलोजी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसले होते, हात गळ्यात बांधलेला. हिराजी त्यांच्यासमोर उभा राहिला. "साहेब, ती जिथं हाय तिथं मना न्या."

ओर्ली नको म्हणत होती, डॉक्टरही. एलोजी हिराजीकडे बघून म्हणाले, "रिक्षा बोलव."

त्यांच्या समाजाचं कब्रस्तान दोन गावं पलीकडे, माळावर होतं. गवत कमरेइतकं वाढलेलं. बरेच दगड कलंडलेले. एलोजींना वाट आठवत होती; एका कडुनिंबाजवळ ते थांबले. हातभर लांबीचा दगड होता, त्यावर मराठीत नुसतं 'सिपोरा' एवढंच कोरलेलं. हिराजीनं हातानं गवत उपटलं, दगडावरची माती पुसली आणि हार हातात तसाच धरून विचारलं, "तुमच्यात चालतो?"

"ठेव."

त्यानं हार ठेवला. एलोजींनी त्यांच्या रीतीप्रमाणे एक खडा उचलून दगडावर ठेवला.

"मला घराचा राग नाही," ते म्हणाले, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता. "आई त्या रात्री कोळीवाड्यात गेली याचाही नाही. तिथं ती गेली नसती तर दोन जीव गेले असते, हे मला मोठेपणी कळलं. पण ती रडली नाही. सिपूला मातीत ठेवून आम्ही घरी आलो, आणि हिनं पिशवी उचलली न् लगेच तुला न्हाऊ घालायला कोळीवाड्यात गेली. त्यानंतरही कधी रडली नाही. मी खूप वाट बघितली. शेवटी मला वाटलं, हिला आम्ही कुणी नव्हतोच. म्हणून मी देश सोडून गेलो. म्हणून तिच्या मातीलासुद्धा आलो नाही."

हिराजी दगडापाशी खालीच बसला होता.

"साहेब," तो म्हणाला, "माझी आई एक गोस्ट सांगायची. मी लहान होतो तवापासून. नर्सबाई दुसऱ्या दिवशी मना न्हाऊ घालायला आली. पायावर घेतला, पानी घातलं, न् रडाया लागली. अशी रडली की आई घाबरली. आईला वाटलं पोराला काय झालं. नर्सबाई म्हनाली, काय नाय ग, जगलं ना पोर, म्हनून. मंग रोज. बारा दिवस न्हाऊ घालत होती मना, न् रोज रडायची. घरातल्या मानसांना भाएर काढायची न् रडायची. आई म्हनायची, आपल्या पोरासाठी कोन परकी बाई येवढी रडंल? देवमानूस." हिराजीनं तोंडावरून हात फिरवला. "आमी समजत होतो, आनंदानं."

माळावर वारा होता. काठी नसल्यामुळं एलोजींनी हिराजीच्या खांद्यावर हात टेकला आणि दुखरा पाय लांब करून त्याच्या शेजारी मातीत बसले.

"अजून काय सांगायची तुझी आई?" त्यांनी विचारलं.

हिराजी सांगायला लागला. ओर्लीनं मला खुणेनं विचारलं, निघायचं का? मी मान डोलावली. आम्ही दोघी रिक्षाशी जाऊन थांबलो. तिथून फक्त दोन पाठी दिसत होत्या.

एलोजींनी गावाच्या नावे घर करून दिलं, ते जायच्या आधीच. वरची खोली उभी करायला मात्र आम्हाला पुढं बरीच वर्षं लागली. एलोजी पुन्हा दोनदा आले. उतरायचे ते हिराजीकडे. आता तेही नाहीत.

मी अजून घर दाखवते. त्या रात्रीची गोष्ट सांगते, जशी घडली तशी. टाळ्या कुणी वाजवत नाही. हिराजी आता फार थकलाय, पुढं येऊन उभा राहत नाही. खाली ओटीवर बसून असतो. उतरताना कुणीतरी त्याला विचारतंच, "आजोबा, ते बाळ म्हणजे तुम्हीच का?"

"व्हय," तो म्हणतो. "न् तिचं नाव सिपोरा."